साडेसहा नंबरचे हातमोजे

मालनकाकीसमोर केस मोकळे सोडून उभं राहायचं नाही, हा भांडुपच्या टेंभीपाड्यातला अलिखित कायदा आहे. उभ्या राहिलात की मेलात. काकी बोलता बोलता तुमच्या पाठीमागे येणार, पदराला खोचलेल्या पिना दातात धरणार, आणि "मग, पोरीचं जमलं का कुठे?" या प्रश्नाचं उत्तर तुम्ही पुरं करेपर्यंत तुमच्या मानेवर घट्ट अंबाडा बसलेला असणार. शेजारची शकू दुधाची पिशवी आणायला निघते आणि डेअरीत पोचते ती वरातीला निघाल्यासारखी. एकदा बँकेच्या रांगेत पुढच्या अनोळखी बाईची सुटत आलेली वेणी काकीने उभ्या उभ्या घालून टाकली. बाई वळली ती भांडायच्याच तयारीने, पण काउंटरच्या काचेत तिला स्वतःचं रूप दिसलं आणि ती मुकाट्याने पुढे सरकली.

"अगो, वळख ना पाळख, लोकांच्या केसाक हात कित्याक लावतंस?" काकीच्या नवऱ्याने, धोंडिरामकाकाने विचारलं.

"मी कुठे लावला? हात गेले," काकी म्हणाली.

हात गेले. हे तिचं जन्मभराचं उत्तर. आणि तिच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा घोळही असाच झाला होता. एकदा हात गेले आणि एक आख्खा सिनेमा बुडाला. निदान काकीची तरी सेहेचाळीस वर्षं अशीच समजूत होती.

काकी मूळची मालन पालव. बाप गिरणीत, आई चंपा भांडुप स्टेशनबाहेर फुलांची टोपली घेऊन बसायची. चंपाची गाठ तिची स्वतःची होती. धाग्याचा फेरा दोन बोटांवर, अंगठा आतून घालून एक पीळ, फास देठांवर सरकवायचा आणि बारीकसा झटका. गजरा सुकून काळा पडला तरी फूल गळायचं नाही. गिऱ्हाइकं पलीकडच्या दोन टोपल्या ओलांडून चंपाकडे यायची, आणि पलीकडच्या दोघी चंपाच्या नावाने बोटं मोडायच्या. मालन सातव्या वर्षापासून आईच्या मांडीला मांडी लावून हीच गाठ मारायला शिकली. पाढेसुद्धा तिने याच गाठींवर पाठ केले.

चंपाकडून रोज वेण्या नेणारी कमल नावाची एक बाई होती, अंधेरीच्या स्टुडिओत हेअरड्रेसर. तिने मालनची बोटं पाहिली आणि म्हणाली, "चंपे, ही बोटं फुलात फुकट घालवतेस. माझ्याकडे दे." तेव्हा मेकअप करायचा पुरुषाने आणि केस करायचे बाईने, अशी सिनेमात वाटणी होती. मालनला युनियनचं कार्ड मिळालं, पिनांचा डबा मिळाला, आणि बाविसाव्या वर्षी तिला पहिला स्वतःचा सिनेमा मिळाला. त्याचं नाव 'व्यत्ययाबद्दल दिलगीर'.

सिनेमा टीव्हीवर होता, म्हणजे टीव्हीच्या आतल्या जगावर. साल एकोणऐंशी. आख्ख्या चाळीत एक टीव्ही, आणि बातम्या चालू असताना मधेच 'व्यत्ययाबद्दल दिलगीर आहोत' अशी पाटी यायची. लोक ती पाटीसुद्धा मन लावून बघायचे. भाऊराव कारखानीस नावाच्या नव्या दिग्दर्शकाच्या डोक्यात आलं, की ही पाटी दिसतेय तेवढ्या दोन मिनिटांत मागे खून झाला तर? झालं. अंधेरीच्या एका शेडमध्ये टीव्ही केंद्राचा सेट लागला. प्लायवूडचे कॅमेरे, खऱ्या वायरी, बातम्यांचं टेबल. गोष्टीत केंद्राचा साहेब माइकच्या वायरीने गळा आवळून मारला जातो, आणि शेवटी खुनी निघतो तो सगळ्यांचा लाडका वृत्तनिवेदक. ते काम नाटकातल्या अनिरुद्ध रणदिवेचं. काय त्याचा रुबाब! आरशातल्या आपल्या प्रतिबिंबालासुद्धा तो अहोजाहो करत असेल.

शेवटचा दिवस. राहिला होता एकच शॉट, पण तोच मुख्य: खुन्याच्या हातांचा, काळे हातमोजे घातलेल्या. दुपारी दोनला रणदिवे उठला आणि म्हणाला, "माझा पुण्याला प्रयोग आहे." नाटकाचा प्रयोग म्हटल्यावर त्याला ब्रह्मदेव थांबवू शकला नसता. गाडी गेली. भाऊराव म्हणाले, हात तर दाखवायचेत, कोणाचेही चालतील. मग हातमोजे आले, आणि सगळ्यांची वाट लागली. आणणाऱ्याने लेडीज हातमोजे आणले होते. साडेसहा नंबर. लाइटवाल्यांनी घालून पाहिले, कॅमेरावाल्याने पाहिले, भाऊरावांनी दाताने ओढून पाहिले. अंगठ्याच्या पुढे कोणाचा हात जाईना. निगेटिव्ह संपत आलेलं, सेट उद्या मोडायचा. भाऊरावांची नजर फिरत फिरत मालनवर येऊन थांबली.

"मी नाही हां," मालन म्हणाली. कारण युनियन. ज्याचं कार्ड ज्या कामाचं, त्याने तेच करायचं. लाइटवाल्याने खुर्ची उचलली तरी बोंब व्हायची, मग केस करणाऱ्या बाईने कॅमेऱ्यापुढे हात दाखवायचे म्हणजे विचारायलाच नको. भाऊरावांनी तिला बाजूला घेतलं. "मालन, कोणाला कळणार नाही. रणदिवेला कळलं की आपल्याऐवजी एका पोरीचे हात लावले, तर तो कोर्टात जाईल. युनियनला कळलं तर तुझं कार्ड जाईल. तू शपथ घे, की मरेपर्यंत तोंडातून शब्द काढणार नाहीस."

मालनने रवळनाथाची शपथ घेतली. कोकणातल्या माणसाने रवळनाथाची शपथ घेतली की विषय संपला.

गळा म्हणून शर्ट घातलेली उशी होती. मालनने वायर आवळली, झकास आवळली. मागून भाऊराव हळू आवाजात सांगत होते, "आता वायर गुंडाळ, आणि खिशात टाक." मालनने वायर दोन बोटांवर गुंडाळली. शेवटचं टोक लोंबत राहिलं. आणि टोक लोंबतंय म्हटल्यावर हात गेले. अंगठा आतून, पीळ, फास, झटका. चंपाची गाठ. मग खिशात.

"कट! ओके!" सगळे चहाला पळाले. कोणाच्या काही लक्षात आलं नाही. मालनच्याही नाही.

लक्षात आलं ते मुलुंडच्या टॉकीजमध्ये, पहिल्या रविवारी, आईला शेजारी बसवून सिनेमा बघताना. पडद्यावर ते हात आले. हॉलमध्ये चिडीचूप. वायर आवळली गेली, बायकांनी पदर तोंडाला लावले. खुन्याने वायर गुंडाळली, आणि पंचवीस फुटी पडद्यावर सावकाश, देखणी, फुलवालीची गाठ मारली. मालनने दोन्ही हात पदराखाली लपवले. आणि चंपा खुर्चीतून उठून ओरडली, "अगो बाय माझे! ह्यो मेलो वळेसर बांधता!"

वळेसर म्हणजे कोकणातल्या बायका केसात माळतात तो गजरा. आख्खं थिएटर फुटलं. लोक खुर्च्यांवर थापा मारून हसले. पुढचा खुनाचा सगळा तपास त्या हसण्यात वाहून गेला.

"गो, ती माझी गाठ आसा," चंपा बाहेर आल्यावर म्हणाली. "माझ्याशिवाय कोण मारीत नाय तशी. ह्या खुन्याक कोणी शिकवल्यान?"

"आये, काहीतरीच काय. अशा गाठी सगळेच मारतात," मालन म्हणाली. शपथ होती ना.

पुढच्या शुक्रवारी पोस्टर उतरलं. भाऊरावांनी पुन्हा सिनेमा केला नाही, जाहिरातींकडे वळले. मालनचं लग्न झालं, ती मालन धुरी झाली. दहा सिनेमे, मग मालिका. सासवांचे अंबाडे, सुनांच्या बटा, पौराणिक मालिकेतल्या राक्षसिणींच्या जटा, सगळं तिने केलं. एकदा अंधेरीत भाऊराव समोरून येताना दिसले, तर ती उसाच्या रसाच्या गाडीमागे दडली आणि ते जाईपर्यंत तिला तीन ग्लास रस प्यावा लागला. पण ही सगळी हसण्यावारी नेण्याची गोष्ट झाली. एक गोष्ट मात्र तिला हसण्यावारी नेता आली नाही. चंपा मरेपर्यंत सांगत राहिली, की त्या सिनेमात माझी गाठ होती. फुलं घेणाऱ्यांना सांगायची, पाहुण्यांना सांगायची, दवाखान्यात नर्सला सांगितलं. लोक म्हणायचे, म्हातारीला भ्रम झालाय. आणि मालनही मान डोलवायची. आई खरं बोलत होती आणि तिने आईला खोटं पाडलं, हे तिच्या काळजात सुई मोडून राहावी तसं राहिलं होतं.

आता नातीकडे येऊ. रुचिरा, वय वीस, मुलुंडच्या एका कॉलेजात मास मीडिया. मागच्या वर्षी कुठल्याशा गोडाउनमध्ये 'व्यत्ययाबद्दल दिलगीर'च्या रिळांची पेटी सापडली, कोणी हौशी लोकांनी ती साफ करून घेतली, आणि कॉलेजच्या पोरांना तो सिनेमा म्हणजे नवीन देव सापडला. रुचिराने आपला शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट त्याच्यावरच घेतला. टायटलमध्ये 'केशरचना : मालन' हे बारीक अक्षरात आहे ना!

"आजी, ऐक ना," एक दिवस ती मोबाइल घेऊन आली. "खुनी रणदिवे नाहीच आहे. हे बघ, मनगट बघ. हे बाईचं मनगट आहे. आणि ही गाठ थांबवून बघ. गजऱ्याची गाठ आहे ही! आणि सिनेमातली ती निवेदिका, तिच्या केसात प्रत्येक सीनला गजरा आहे. डायरेक्टरने क्लू टाकलाय, यार. खून तिने केलाय!"

ते गजरे आईच्या टोपलीत उरलेले असायचे, म्हणून काकी रोज नेऊन त्या नटीला माळायची. काकी कोथिंबीर निवडत राहिली.

"तू सेटवर होतीस ना? हे हात कोणाचे?"

"मला नाही बाबा आठवत."

ज्या बाईला त्र्याऐंशी सालच्या नायिकेच्या विगला किती पिना लागायच्या ते आठवतं, तिला हे आठवेना. रुचिराने डोळे बारीक केले, पण तेवढ्यात तिचा आजोबा, धोंडिरामकाका, मधे पडला. तो आधी गिरणीत होता, संपानंतर मरोळच्या कारखान्यात लागला, आणि रिटायर झाल्यापासून त्याचा धंदा एकच: टीव्हीवरच्या गुन्ह्यांच्या मालिका बघायच्या आणि दर भागात चुकीचा खुनी पकडायचा. "माका इचार," तो म्हणाला. "खुनी मी एका नजरेत वळाखतंय."

रुचिराचे प्रोजेक्टचे सर, देवेश सर, तरुण आणि मोकळे होते, पण थिअरी ऐकून वर्गासमोर हसले. "गजरा थिअरी! भारी आहे, रुचिरा. पण पुरावा? रविवारी सिनेमा दाखवतोय, भाऊराव कारखानीस स्वतः येतायत. सगळ्यांसमोर विचार त्यांना. ते हो म्हणाले तर प्रोजेक्ट पास, आणि कॉलेजच्या अंकात पहिला लेख तुझा. नाही म्हणाले तर विषय बदल." प्रोजेक्ट द्यायला उरले होते आठ दिवस, आणि पोरीची मेहनत होती सहा महिन्यांची.

काकीची झोप उडाली. भाऊरावांना ठाऊक होतं हात कोणाचे ते. पोरगी भर सभेत विचारणार, म्हातारा सांगणार, 'क्लू कसला, हेअरड्रेसरने घोळ घातला', आणि पोरं खिदळणार. काकीने तसं हसणं एकदा ऐकलं होतं. नातीला आधीच सांगावं, तर शपथ. शनिवारी तिने रवळनाथाच्या तसबिरीपुढे नारळ ठेवला आणि म्हटलं, तूच बघ बाबा आता.

रविवारी सकाळी अकराला कॉलेजचा हॉल गच्च भरला. दारात जुनं पोस्टर मोठं करून लावलं होतं: काळे हातमोजे घातलेला रणदिवे, हातात वायर, डोळ्यांत आग. 'अहो रणदिवे, तुमच्या मापाचे हातमोजे कुठे मिळाले हो?' काकीच्या मनात आलं. ती शेवटच्या रांगेत, एका उंच पोराच्या मागे, तोंडावर पदर घेऊन बसली. धोंडिरामकाका शेजारी.

सिनेमा सुरू झाला. पाटी आली, 'व्यत्ययाबद्दल दिलगीर आहोत'. काकीने डोळे मिटले. आता हसतील. आता. तिने काकाचं मनगट घट्ट धरलं. पण हसू येईना. हॉलमध्ये टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. तिने एक डोळा उघडला, मग दुसरा. पडद्यावर तिचे हात होते. बावीस वर्षांचे, चपळ, एकदासुद्धा न चुकणारे. ती ते हात बघत राहिली. किती सुंदर होते गं माझे हात, तिला वाटलं, आणि मी मेलीने सेहेचाळीस वर्षं यांची लाज बाळगली.

गाठीचा झटका बसला आणि समोरचा उंच पोरगा पुटपुटला, "बाप रे."

सिनेमा संपला, भाऊराव स्टेजवर आले. वय चौऱ्याऐंशी, काठी, गळ्यात मफलर, आवाज अजून खणखणीत. रुचिरा माइकपुढे उभी राहिली. मागे पडद्यावर तोच शॉट थांबवलेला, गाठ मारणारे हात. तिने सगळं मांडलं: मनगट, गाठ, गजरे. "सर, हे हात बाईचे आहेत. फुलांचं काम करणाऱ्या बाईचे. हे तुम्ही मुद्दाम केलंत ना?"

भाऊरावांनी पडद्याकडे पाहिलं. मग समोरच्या तीनशे तरुण तोंडांकडे पाहिलं. सेहेचाळीस वर्षांत त्यांच्याकडे इतक्या कौतुकाने कोणी बघितलं नव्हतं.

"शाब्बास, पोरी," ते म्हणाले. "तू ओळखलंस. मुद्दाम. अगदी मुद्दाम!"

टाळ्यांचा कडकडाट. रुचिराचा चेहरा असा उजळला की काकीला रडूच आलं. सुटलो रे रवळनाथा! प्रोजेक्ट पास, लेख छापून येणार, शपथही शाबूत. पण भाऊरावांना टाळ्या चढल्या होत्या. "त्या एका गाठीसाठी," ते पुढे म्हणाले, "मी दादरच्या फूलबाजारात तीन दिवस बसलो. फुलवालीची बोटं अभ्यासली. ती गाठ मी शोधून काढली!"

काकीचे अश्रू जागच्या जागी सुकले. ह्याने? शोधून काढली? माझ्या आईची गाठ? चूक होती तेव्हा ती काकीने एकटीने पोटात ठेवली, आणि आता कौतुक झाल्यावर बाप हजर! "बघा, बघा कसा बोलतोय," ती दात ओठ खाऊन पुटपुटली. काकाला काही कळेना. पण रुचिरा हसत होती. नातीसाठी माणूस विषाचा पेला पितो, मग हा तर नुसता राग. काकीने तो गिळला.

आणि तेवढ्यात देवेश सरांना उत्साह आला. "सर, मग ती गाठ एकदा दाखवाच!" त्यांनी माइकची एक जादा वायर भाऊरावांच्या हातात दिली.

भाऊरावांनी वायर बोटांना गुंडाळली. सोडली. पुन्हा गुंडाळली. बुटाच्या नाडीसारखं काहीतरी झालं आणि सुटून पडलं. कोणीतरी फिस्सकन हसलं. "वय झालं," ते म्हणाले, पण त्यांचा मफलर एकदम त्यांना गरम व्हायला लागला. देवेश सर भुवया उंचावून रुचिराकडे बघायला लागले, म्हणजे म्हातारा उगाच हो म्हणाला की काय! रुचिराने पटकन वायर घेतली. "मी दाखवते," ती म्हणाली. सहा महिने तिने ती गाठ पडद्यावर बघितली होती, पण आयुष्यात फुलं कधी ओवली नव्हती. तिने फेरा घातला, अंगठा बाहेरून आणला, आणि सगळा गुंता झाला. हसू पुढच्या रांगेतून मागे सरकायला लागलं.

"अगं, अंगठा आतून," काकी म्हणाली. हळूच. मग जरा मोठ्याने, "आतून गं!" रुचिराने पुन्हा बाहेरूनच घातला. काकीची बोटं शिवशिवायला लागली. आईची गाठ भर सभेत अशी वेडीवाकडी मारलेली बघणं तिच्याच्याने होईना.

मधल्या पायऱ्या तिने कधी उतरल्या, स्टेजवर कधी चढली, ते तिला अजून सांगता येत नाही. तिने रुचिराच्या हातून वायर काढून घेतली. दोन बोटांवर फेरा, अंगठा आतून, पीळ, फास, झटका.

मागे पडद्यावर एक गाठ. पुढे तिच्या हातात एक गाठ. त्याच बोटांची.

काकीने मान वर केली, सहाशे डोळे आधी पडद्याकडे, मग तिच्या हातांकडे, मग पुन्हा पडद्याकडे जाताना पाहिले, आणि मग तिला कळलं आपण काय केलं ते. "आजी?" रुचिराच्या तोंडून निघालं.

भाऊराव खुर्चीतून पुढे झुकले. त्यांनी तिचा चेहरा पाहिला नाही, हात पाहिले. "साडेसहा नंबर," ते हळूच म्हणाले. "मालन?"

"साहेब, मी बोलले नाही हां," काकी घाईघाईने म्हणाली. "तोंडातून एक शब्द काढलेला नाही. रवळनाथाची शपथ!"

म्हातारा हसायला लागला. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला, मग माइक ओढून घेतला. "मुलांनो, मी आत्ता तुमच्याशी खोटं बोललो. फूलबाजारबिजार काही नाही. रणदिवे पळून गेला, हातमोजे लहान आले, आणि हिने हात दिले. गाठ हिची आहे, मला तर ती आज दिसली." त्यांनी रुचिराकडे बोट केलं. "ही पोरगी म्हणत होती, हात बाईचे, फुलांचं काम करणाऱ्या बाईचे. अक्षर न् अक्षर खरं. चूक एकच केलीस बाळ, ती बाई तू सिनेमात शोधत बसलीस. ती तुझ्या घरात निघाली की काय?"

"आजी आहे माझी," रुचिरा म्हणाली, आणि तिचा आवाज पार फुटला.

"पास!" देवेश सर ओरडले. "यार, पास म्हणजे काय, पासच!"

मागच्या रांगेतून एक आवाज आला. "चाळीसच्या वर वर्सां खुन्यावांगडा संसार केलंय मी," धोंडिरामकाका उभा राहून सगळ्या हॉलला सांगत होता, "आणि माका पत्तो नाय!" पोरं हसून हसून एकमेकांच्या अंगावर पडली.

त्या गडबडीत काकी भाऊरावांजवळ वाकली. जे विचारायला सेहेचाळीस वर्षं धीर झाला नव्हता, ते तिने विचारलं. "साहेब, माझ्या गाठीमुळेच सिनेमा पडला ना?"

"तुझ्या गाठीमुळे?" भाऊरावांनी काठी आपटली. "अगं, खुनी कोण ते आमच्या शहाण्यांनी पोस्टरवरच छापलं होतं! बाहेर जाऊन बघ. रणदिवे, हातमोजे, वायर, सगळं! तिकीट काढायच्या आधीच माणसाला कळायचं. मग आत कोण येतो मरायला?"

काकी थक्क झाली. ते पोस्टर ती आत्ता येताना बघून आली होती. तेव्हाही शंभरदा बघितलं होतं. बघून तिला एकदाही हे सुचलं नव्हतं. तिला आधी हसू आलं, मग स्वतःचा राग आला, मग पुन्हा हसू आलं.

रुचिराने माइक घेतला. "सर, तो शॉट पुन्हा लावा ना, सुरुवातीपासून. याचं टायटल राहिलंय." दिवे मंदावले. पडद्यावर काळे हातमोजे आले, आणि रुचिरा सिनेमातल्या निवेदिकेसारखी ठसक्यात म्हणाली, "हात : मालन धोंडिराम धुरी."

"तेव्हा पालव होते गं," काकी म्हणाली. "आणि नुसतं माझं नाव नको घेऊस. हात माझे. गाठ आईची."

"हात : मालन पालव," रुचिरा म्हणाली. "गाठ : चंपा पालव."

भरल्या हॉलमध्ये, तीनशे माणसांसमोर, आईचं नाव. पडद्यावर वायर आवळली गेली, गुंडाळली गेली, अंगठा आतून गेला. नेमकी गाठ बसायच्या क्षणाला काकीने नातीच्या हातातला माइक ओढला, आणि अगदी चंपाच्या आवाजात, चंपाच्याच ठणक्यात ओरडली, "अगो बाय माझे! ह्यो मेलो वळेसर बांधता!"

आख्खा हॉल फुटला. लोक खुर्च्यांवर थापा मारून हसले, आणि या वेळी काकी सगळ्यांपेक्षा मोठ्याने हसली.